तीनशे मिलिसेकंदांची रांग

रात्रीचे सव्वाबारा वाजून गेलेत, सकाळी सहाला उठायचंय, आणि मला झोप येणं शक्य नाही. आज मी सलग दोन तास खेळले आणि एकदाही थिजले नाही. एकदाही! स्क्रीनच्या कोपऱ्यातला पिंगचा आकडा १४ होता, मग १५ झाला, एकदा १७ ला शिवून आला आणि परत १४ वर बसला. आणि हे चालू असताना आतल्या खोलीत आईचा फोन चार्जिंगला लावलेला होता, त्यातून आज संध्याकाळच्या भजनाचे आठच्या आठ व्हिडिओ वर चढत होते. दोन डावांच्या मध्ये मी उठून आत जाऊन बघून आले. दोनदा. खरंच चढत होते.

तीन आठवड्यांपूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. तीन आठवड्यांपूर्वी मला पिंग म्हणजे काय हेसुद्धा नीट माहीत नव्हतं.

आधी थोडं घरचं. आम्ही मूळचे नागपूरचे. धाकटा भाऊ अजून तिथेच, मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर, आई आता माझ्याकडे. भावाला आणि मला फोनवर बोलायची सवय नाही. ‘जेवलीस का’, ‘आई बरी आहे का’, संपलं. २०२० च्या जूनमध्ये वॅलोरंट हा गेम आला, सगळे घरात कोंडलेले होते, आणि भावानं मला जबरदस्तीनं खेळायला बसवलं. तेव्हापासून शनिवारी रात्री दहा ही आमची वेळ. कानावर हेडफोन लावून दोन तास आम्ही बोलतो. गेमबद्दल बोलता बोलता त्याची नोकरी, त्याच्या लेकीची शाळा, आईचे गुडघे, सगळं त्या दोन तासांत येतं. ही वेळ माझ्यासाठी काय आहे ते एवढ्यावरून कळेल.

गेम न खेळणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. पाच जणांविरुद्ध पाच, आणि डोक्यात नेम बसला की बहुतेकदा एका गोळीत माणूस बाद. कोपऱ्यावरून आधी कुणी कुणाला पाहिलं यावर सगळं ठरतं. या गेमचा सर्व्हर जगाचा हिशेब सेकंदाला १२८ वेळा करतो. म्हणजे दर पावणेआठ मिलिसेकंदांनी एक नवं चित्र. माझं पिंग ३०० झालं तर माझी बातमी पोचेपर्यंत सर्व्हरवर अडतीस चित्रं पुढे गेलेली असतात. मी कोपऱ्यावर उभी राहून नेम धरतेय, आणि तिकडे मी केव्हाच मेलेली असते.

आणि हे दर शनिवारी होत होतं. सव्वादहापर्यंत ठीक, साडेदहा वाजले की लॅग सुरू. मी पुढे पळायचे आणि कुणीतरी पदराला धरून ओढावं तशी चार पावलं मागे यायचे. हेडफोनमधून भावाचा आवाज: “ताई, काय करून राहिली तू? भिंतीत चालून राहिली!” मग माझा आवाजही तुटायचा, आणि गप्पा तिथेच मोडायच्या.

मला सगळ्यात जास्त खटकायचं ते हे, की सर्व्हर मुंबईत आहे. नागपूर मुंबईपासून आठशे किलोमीटर, पुणे जेमतेम दीडशे. तरी त्याचं पिंग ३० आणि माझं ३००! नेटवाल्या कंपनीला फोन केले. त्यांचा माणूस आला, त्यानं स्पीड टेस्ट काढून दाखवली. पूर्ण स्पीड. मी ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेतला. परत स्पीड टेस्ट, परत पूर्ण स्पीड, आणि शनिवारी साडेदहाला परत लॅग.

मग एके दिवशी ऑफिसात डबा खाताना हे सगळं बोलून गेले. आमच्याकडे नेटवर्क सांभाळणारा एक तरुण मुलगा आहे. तो पोळी मोडता मोडता म्हणाला, “मॅडम, स्पीड टेस्ट विसरा. पाणी कुठं मुरतंय ते बघा आधी. कॉम्प्युटरवर कमांडच्या दोन काळ्या खिडक्या उघडा, एकीतून घरच्या राउटरला पिंग करा, दुसरीतून बाहेर. आणि नुसतं बघत बसा.”

नुसतं बघत बसा! एवढंच होतं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

पिंग म्हणजे काय हे मी त्याच रात्री वाचलं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसानं १९८३ च्या डिसेंबरमध्ये हा इवलासा प्रोग्रॅम लिहिला, आणि नाव ठेवलं पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते मोजायचं. इथे डेटाचं एक पॅकेट सोडायचं आणि ते परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. विहिरीत ‘ओ’ देऊन बघावं तसं. स्पीड टेस्ट सांगते की विहिरीत पाणी किती आहे. गेमला पाणी लागतच नाही फारसं! गेमची पॅकेटं पोस्टकार्डाएवढी असतात. एका पिक्चरला लागतो त्याच्या मानानं डेटा अगदी नगण्य. गेमला लागतो ‘ओ’ लगेच परत येणं. आणि दर वेळी तितक्याच वेळात परत येणं. १०० एमबीपीएस घेऊन मी जास्त पाणी विकत घेतलं होतं. विहीर तितकीच खोल राहिली होती.

तर दोन खिडक्या उघडल्या. पहिलीत १९२.१६८.१.१, म्हणजे आमच्या हॉलमधला राउटर. मी बेडरूममध्ये, राउटर हॉलमध्ये, मध्ये एक भिंत, अंतर फार तर सात मीटर. आकडे यायला लागले. २, ३, २, ४, १८७, ३, २, ४१, २६०, ३, आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. म्हणजे पॅकेट हरवलं. सात मीटरमध्ये! कंपनीच्या तारेपर्यंत पोचायच्या आतच, माझ्याच घरात!

मी अक्षरशः उठून हॉलमध्ये जाऊन राउटरसमोर उभी राहिले. टीव्हीच्या मागे, खालच्या कप्प्यात, आणि त्याच्या आणि बेडरूमच्या बरोबर मध्ये आईचं लोखंडी कपाट. लोखंडातून रेडिओलहर आरपार जात नाही, ती परावर्तित होते. पाच वर्षं माझा प्रत्येक शॉट त्या कपाटाला वळसा घालून जात होता.

फोनवर वाय-फाय अॅनालायझरचं अॅप टाकलं आणि आणखी एक जग उघडलं. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या फोनला एकोणीस वाय-फाय दिसत होते, आणि त्यातले निम्मे माझ्याच चॅनेलवर, सहा नंबरवर. मला वाटायचं माझं वाय-फाय माझं. नाही हो! हवा सगळ्यांची एकच. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीच्यांनी ऐकायचं, हवा मोकळी झाली असं वाटलं की मनाशी एक आकडा धरून तेवढा वेळ थांबायचं, मग बोलायचं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया, परत थांबा. खालच्या मजल्यावरचा माणूस मालिका बघत असतो आणि माझं पोस्टकार्ड त्याचं वाक्य संपायची वाट बघत असतं. मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्ट्यात कुजबुजतो, २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास.

ही थांबून-परत-बोलायची युक्ती कुठली आहे माहितीय? हवाईची! नॉर्मन अॅब्रॅमसन या प्राध्यापकानं हवाई विद्यापीठात बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले आणि १९७१ मध्ये ते जाळं सुरू झालं. नाव अलोहानेट. पुढे बॉब मेटकाफनं अॅब्रॅमसनचं काम वाचलं, त्यात सुधारणा केल्या आणि १९७३ मध्ये ती कल्पना तारेत आणली. त्याला नाव दिलं ईथरनेट. जुन्या शास्त्रज्ञांनी प्रकाश वाहून नेण्यासाठी कल्पिलेल्या त्या सर्वव्यापी ईथरवरून. हवेतली गर्दी तारेत नेली आणि तारेला नाव मात्र आकाशाचं ठेवलं. हे वाचून मी दहा मिनिटं काही केलं नाही, नुसती खुश होऊन बसले.

मग कामाला लागले. राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजमधल्या लॉफ्टच्या कडेला, उंचावर ठेवला. कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्‌झवर नेला. या लहरी भिंतीत लवकर दमतात, पण म्हणूनच शेजाऱ्यांच्याही आपल्यापर्यंत येत नाहीत, आणि चॅनेल भरपूर. लगेच फरक! २, २, ३, २. पण साधारण मिनिटा-मिनिटानं एक उचकी यायचीच, ९०, ११०. ती उचकी म्हणजे कॉम्प्युटरच मध्येच ‘आजूबाजूला आणखी कुठलं वाय-फाय आहे का’ म्हणून बघून येतो. तेवढा वेळ तो माझ्या राउटरकडे पाठ फिरवतो. बरोबर त्याच वेळी कोपऱ्यावर कुणी आलं तर?

तार टाकायची ठरवली. रविवारी बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठायचं ठरवलं होतं, पण धीर निघेना, शुक्रवारीच अर्धी रजा टाकून गेले. कॅट-सिक्स केबल वीस मीटर, जॅक, केसिंग-पट्टी, आणि क्रिंपिंगचं पकडीसारखं अवजार. दुकानदार म्हणाला की जॅक लावून देतो, पण मला ते स्वतःच्या हातानं करायचं होतं. आत आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. या पिळाचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये घेतलं होतं! पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मला आता झोपेत विचारा. आईनं पट्टीचं दुसरं टोक धरलं, आम्ही दोघींनी ती दाराच्या चौकटीवरून फिरवली, आणि तार जोडून मी काळी खिडकी उघडली.

‘१ पेक्षा कमी’. ‘१ पेक्षा कमी’. ‘१ पेक्षा कमी’. पानभर तेच. पाचशे पॅकेटं, एकही हरवलं नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. लॅगला वैतागलेला माणूस सगळ्यात आधी आठ अँटेनांचा, लाल दिव्यांचा ‘गेमिंग राउटर’ घ्यायला धावतो. नका धावू. आधी वीस मीटर तार घ्या. फोनवर बीजीएमआय खेळत असाल तर तार जमणार नाही, पण मग राउटर आहे त्या खोलीत बसून ५ गिगाहर्ट्‌झवर खेळून बघा, आणि त्यातच बराचसा फरक पडतो.

तर मग तो शनिवार, आजच्या आधीचा. मी साडेनऊलाच तयार. दहाला सुरू केलं, पिंग १४. लोण्यासारखं! भाऊ म्हणाला, “ताई, तू तर बदलली!” सव्वादहा, १४. साडेदहा वाजून दोन मिनिटं झाली.

३१२.

मला रडू यायचं बाकी होतं. पण त्या मुलाचं वाक्य आठवलं, दोन खिडक्या. डाव अर्धा सोडून खिडक्या उघडल्या. राउटरची खिडकी: १ पेक्षा कमी, १ पेक्षा कमी. बाहेरची: ३०४, ३१८, २९७, ३०९. म्हणजे घरातलं पाणी मुरायचं थांबलं होतं. हे दुसरंच काहीतरी होतं, इतके दिवस पहिल्याच्या मागे दडलेलं. आणि ते घड्याळ लावून येत होतं!

साडेदहाला काय होतं आमच्या घरी? मालिका संपते. आई टीव्ही बंद करते, गुडघ्यांना तेल लावते, आणि फोन चार्जिंगला लावते.

शनिवारी संध्याकाळी आईचं भजनी मंडळ असतं. ती प्रत्येक भजन पूर्ण रेकॉर्ड करते. फोन चार्जिंगला लागला आणि वाय-फाय मिळालं की तो ते सगळे व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढवायला घेतो. मी तिच्या फोनचं वाय-फाय बंद केलं. खिडकीत आकडा: ९. चालू केलं. काही सेकंदांत २८८. बंद: ९. चालू: ३०१. पाच वेळा केलं. आई म्हणाली, “अगं, काय चाललंय तुझं?” मी म्हणाले, “सापडलं आई, सापडलं!”

पण का? हे कोडं मला सुटत नव्हतं. व्हिडिओ चढतोय, ठीक आहे, तो वेळ लागेल तसा चढो. माझं पोस्टकार्ड एवढंसं. त्यानं का थांबावं?

उत्तर आहे घाट. एक्स्प्रेसवेवरून गाड्या सुसाट येतात आणि खंडाळ्याला अरुंद झाल्यावर तुंबतात. घरातला रस्ता हजार एमबीपीएसचा, बाहेरचा शंभरचा. मध्ये नेटवाल्या कंपनीनं बसवलेला पांढरा डबा, आणि त्या डब्यात वाट बघायला एक जागा असते, बफर. आलेली पॅकेटं तिथे रांगेत उभी राहतात. आईच्या व्हिडिओची पॅकेटं ती रांग काठोकाठ भरतात, आणि माझं पोस्टकार्ड शेवटी जाऊन उभं राहतं. शंभरच्या स्पीडनं तीनशे मिलिसेकंद म्हणजे हिशेबानं पावणेचार एमबी. एका चांगल्या फोटोएवढा डेटा माझ्या प्रत्येक पावलाच्या पुढे उभा!

आणि हा हिशेब करता करता मला आणखी एक सुचला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई-पुणे तीनशे किलोमीटर, म्हणजे दीड मिलिसेकंद. आणि तीनशे मिलिसेकंदांत तो जातो साठ हजार किलोमीटर. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा. माझं पॅकेट आमच्या घरातून बाहेर पडायला जेवढा वेळ ताटकळत होतं, तेवढ्यात प्रकाश काचेतून अख्ख्या पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालून आला असता. (सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळाल तर मात्र ते अंतर खरं आहे, जाऊन-येऊन जवळपास आठ हजार किलोमीटर, चाळीसेक मिलिसेकंद तर प्रकाशालाच लागणार. तिथे कुणाचा इलाज नाही. गेमच्या सेटिंगमध्ये मुंबई निवडलंय ना, एवढं बघून घ्या.)

मग एवढी मोठी रांग मुळात होऊच का देतात? ही गोष्ट मी पहाटे दोनपर्यंत वाचत बसले. इंटरनेटवर पाठवणाऱ्याला रस्ता किती रुंद आहे हे कुणी सांगत नाही. तो वेग वाढवत जातो, आणि एखादं पॅकेट हरवलं की समजतो की गर्दी झाली, आणि वेग कमी करतो. हे शहाणपण आलं एका मोठ्या कोंडीनंतर. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ, मध्ये अंतर चारशे यार्ड, यांच्यातलं नेट सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आलं. चाळीस! तेव्हा व्हॅन जेकबसननं ही माघार घेण्याची पद्धत घडवली आणि १९८८ मध्ये मांडली, आणि इंटरनेट वाचलं.

पुढे मेमरी स्वस्त झाली. डबे बनवणाऱ्यांना वाटलं, पॅकेट हरवणं वाईट, मग मोठं बफर टाका, काहीच हरवायला नको. पण पॅकेट हरवणं हीच तर बातमी होती! बफर एवढं मोठं की भरायलाच वेळ लागतो, तोवर काही हरवत नाही, पाठवणाऱ्याला गर्दी कळत नाही, आणि रांग लांबत जाते. चांगल्या मनानं केलेली गोष्ट सगळ्यांच्या मुळावर आली. २०१० मध्ये जिम गेटिस या अनुभवी संगणकतज्ज्ञाला हेच स्वतःच्या घरी दिसलं, घरून मोठ्या फायली पाठवताना. मला जसं दिसलं तसंच! त्यानं त्याला नाव दिलं बफरब्लोट, म्हणजे सुजलेलं बफर.

आणि त्यावर उपाय कुणी काढला? परत तोच व्हॅन जेकबसन, कॅथलीन निकोल्सबरोबर, २०१२ मध्ये. त्यांच्या पद्धतीचं नाव कोडेल. ती विचारते की रांगेतल्या पॅकेटाला किती वेळ उभं राहावं लागलं. रांग किती लांब आहे हे ती बघतच नाही! शंभर मिलिसेकंद गेले तरी कुणाचीच वाट पाच मिलिसेकंदांच्या आत आली नाही, तर ती एक पॅकेट मुद्दाम टाकून देते. बातमी जाते, पाठवणारा सावरतो, रांग विरते. डेव्ह टॅट आणि त्याच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं हे काम घरगुती राउटरपर्यंत आणलं, तेही सगळ्यांना फुकट वापरता येईल असं. २०२५ मध्ये डेव्ह टॅट गेला. माझ्यासारख्या किती जणींच्या शनिवार रात्री त्या माणसानं परत मिळवून दिल्या असतील! हे त्याला कळवायला मला उशीर झाला, याचं खरंच वाईट वाटतं.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला, आईच्या फोनचा बॅकअप बंद कर की. नाही करणार. त्या मंडळातल्या एक मावशी गेल्या वर्षी गेल्या. त्यांचा गाता आवाज आता आईनं केलेल्या त्या व्हिडिओंतच आहे. दोन महिन्यांपूर्वी आईचा फोन पाण्यात पडला होता, आणि क्लाउडवर होते म्हणून ते व्हिडिओ परत मिळाले.

म्हणून आजचा दिवस. एक साधा राउटर घेतला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी नावाचं सॉफ्टवेअर चढवलं. कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकून घेतलं, म्हणजे त्यानं नुसती तार पुढे द्यायची, शहाणपण माझ्या राउटरनं करायचं. त्यात एसक्यूएम नावाचं एक पान जोडता येतं. पद्धत निवडली ‘केक’, कोडेलच्याच घराण्यातली, २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे. आणि मग ती युक्ती, जी मला सगळ्यात आवडली: वेगाच्या जागी शंभर लिहायचं नाही. नव्वद लिहायचं. जाताना नव्वद, येताना नव्वद. दहा आपण होऊन सोडून द्यायचे. का? कारण मग डब्यातली आंधळी रांग कधी भरतच नाही. जी काही रांग लागेल ती माझ्या राउटरच्या दारात लागेल, आणि तिथे नियम माझे.

ते नियम कसे आहेत ते मला लालबागच्या राजाच्या दर्शनावरून कळले. तिथे नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला चरणांपर्यंत जायचंय तो तासन्‌तास उभा राहतो, राहायला तयारही असतो. ज्याला नुसतं मुख बघून हात जोडायचेत त्याला त्याच्या मागे कुणी उभं करत नाही. केक तेच करतं. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग. आईचा व्हिडिओ नवसाच्या रांगेत, त्याला घाई नाही. माझं पोस्टकार्ड मुखदर्शनाच्या. आलं, दर्शन घेतलं, निघालं. आणि गंमत म्हणजे मी कुठेही लिहिलेलं नाही की हा गेम आहे, याला पुढे सोडा. ज्याची मागणी थोडी त्याला लगेच वाट मिळते, एवढाच नियम. उद्या आई नागपूरला व्हिडिओ कॉल लावेल आणि मी मोठी फाइल चढवत असेन, तेव्हा आवाजाची पॅकेटं तिची सुटतील आणि थांबेन मी. पुढच्या महिन्यात प्लॅनही परत ५० वर आणणार आहे. शंभर लागतच नाहीत.

साडेदहा वाजले तेव्हा माझे हात गार पडले होते. आतून मालिकेचं शेवटचं संगीत आलं. टीव्ही बंद झाला. तेलाच्या बाटलीचं झाकण. चार्जर लावल्याचा तो छोटासा टुंग आवाज. मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिले. १४. १४. १५. १४.

“ताई, गेली का तू?” भाऊ घाबरून विचारत होता, कारण साडेदहाला मी एकदम गप्प झाले होते.

“आहे रे, आहे!”

शेवटच्या डावात मी एकटी उरले आणि समोर दोघं. पहिला कोपऱ्यावरून आला आणि तो मला दिसला, खरोखर त्या क्षणी दिसला, तीन दशांश सेकंद शिळा नव्हे. दुसरा मागून येत होता, त्याच्या पावलांचा आवाज मला वेळेवर आला. तिकडे नागपूरला भाऊ इतक्या जोरात ओरडला की त्याची लेक उठली, आणि मग ती झोपेतच हेडफोनवर येऊन म्हणाली, “आत्या, तू जिंकली?” पुढची वीस मिनिटं आम्ही खेळलोच नाही, नुसते बोलत बसलो, आणि एकही शब्द तुटला नाही.

सगळं बंद करून आत गेले. आईच्या फोनवर बॅकअप पूर्ण झाल्याची खूण होती. तिला वाटलं मी काहीतरी शोधतेय. डोळे न उघडता म्हणाली, “चढलं का गं सगळं?”

“चढलं.”

“आणि ते जुने? मावशींचे?”

“ते केव्हाच चढलेत, आई. आहेत वर.”

“मग झोप आता,” म्हणाली आणि कूस बदलली.